ढाल-तलवारींच्या सजावटीत हरवलेले चहाचे हॉटेल

१/२१
कोल्हापुरात जेवायला आलेल्या पाहुण्यापुढे हल्ली ताटाच्या आधी इतिहास येतो. प्रवेशद्वाराशी मशाली, भिंतीवर ढाल-तलवारी, फेटे बांधलेले वाढपी, पितळी ताट-वाट्या आणि पाटीवर ‘दरबार’, ‘वाडा’, ‘राजेशाही’ असा एखादा शब्द. कोपऱ्यात सिंहासनाची प्रतिकृती. तिच्यावर बसून छायाचित्र काढून झाले की मग तांबडा-पांढरा रस्सा. हॉटेल व्यवसायात याला ‘थीम’ म्हणतात. हा थ्रेड त्या थीमविषयी आहे. आणि याच शहरातील एका चहाच्या हॉटेलाविषयी आहे, जे या सजावटीत कुठेच दिसत नाही.

२/२१
जुनी खानावळ दोन गोष्टींवर चालत असे: हाताची चव आणि पोटभर वाढप. लाकडी बाकडी, भिंतीवर देवाची तसबीर, फार तर एक दिनदर्शिका. आज मटणाचे ताट जागोजागी मिळते, म्हणून वेगळेपण जागेत आणि कहाणीत शोधावे लागते. गिऱ्हाईक जेवणासोबत एक आठवण घेऊन जाते, ती मोबाइलवर चार जणांना दाखवते आणि हॉटेलची जाहिरात आपोआप होते. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. जुनी भांडी, कोरीव खांब, विस्मरणात चाललेले पदार्थ यांना त्यातून पुन्हा मान मिळतो, हेही मान्य केले पाहिजे.

३/२१
मात्र इतिहास विकायचा ठरला की निवड करावी लागते, आणि कोणतीही निवड हे एक मत असते. ढाल-तलवार निवडणारा मालक नकळत सांगत असतो की कोल्हापूरचा वारसा म्हणजे युद्ध आणि राजवैभव. वस्तुस्थिती अशी की पाहुण्याच्या स्वागताच्या बाबतीत या शहराने केलेला सर्वांत धाडसी प्रयोग रश्श्याचा नव्हता, चहाचा होता. तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यात झाला नाही, भररस्त्यावर झाला. आणि तो करणारा माणूस राजा नव्हता. त्याचे नाव गंगाराम कांबळे.

४/२१
त्या प्रयोगाचे मोल कळण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जातिव्यवस्था जितकी लग्नाच्या मांडवात जपली गेली तितकीच पंगतीत जपली गेली. ‘रोटी-बेटी व्यवहार’ हा जोडशब्दच त्याची साक्ष देतो. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातचे शिजवलेले चालत नाही, पंगतीत कोण कुठे बसतो, उष्टे कोण उचलतो, याचे बारीक नियम होते. प्रवासाला निघालेला सोवळा माणूस शिधा सोबत नेई आणि स्वतः रांधी किंवा आपल्या जातीच्या आचाऱ्याकडून रांधून घेई. अन्न विकत मिळणे ही सोय होती. ते कोणी शिजवले, हा धर्माचा प्रश्न होता.

५/२१
चहाने हा प्रश्न अधिकच बिकट केला. त्यात पाणी आले, दूध आले, विस्तवावर उकळणे आले आणि ओठाला लागणारी कपबशी आली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांसारख्या सुधारकालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाची ही किंमत होती.

६/२१
कोल्हापूर याला अपवाद नव्हते. शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकाच्या परिसरात त्यांतील काहींच्या इमारती आजही दिसतात.

७/२१
या वसतिगृहांनी खेड्यापाड्यांतील मुलांना शहरात राहण्याची आणि शिकण्याची सोय करून दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची रचना एक कटू सत्यही सांगते. मुलांना एका वर्गात बसवणे राजाज्ञेने शक्य होते. एका पंगतीत बसवणे राजालाही सहज साधणारे नव्हते. प्रत्येक समाजाची इमारत वेगळी, म्हणून प्रत्येकाची चूलही वेगळी. शिक्षणाचे दार उघडले होते, पण स्वयंपाकघराचे अजून बंद होते. ते उघडण्याची वेळ एका चहाच्या हॉटेलाने आणली.

८/२१
गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, जातीने महार. पागेतील स्पृश्य नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना तेथील माणसांनी बेदम मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम आपल्या माणसांसह सोनतळीच्या छावणीत त्यांना भेटले आणि अंगावरचे वळ दाखवून दाद मागितली. ही घटना आठवणींतून आपल्यापर्यंत आली असल्याने तिच्या तपशिलांत पाठभेद आहेत. गाभा मात्र सर्वत्र एकच आहे. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीच्या जागी स्वतंत्र धंदा काढण्याचा सल्ला व त्यासाठी मदत दिली.

९/२१
गंगारामांनी काढलेला धंदा लक्षात घेण्याजोगा आहे. पाण्याला हात लावला म्हणून ज्याने मार खाल्ला, त्याने पाणी उकळून लोकांना पाजण्याचा व्यवसाय निवडला. किराणा, कापड, लाकूड यांपैकी काहीही विकता आले असते. तेथे विटाळाचा प्रश्न इतका टोकाचा नव्हता. चहाचे हॉटेल म्हणजे नेमक्या त्या निषिद्ध जागी पाय रोवणे होते. जागाही आडबाजूची नव्हती. भाऊसिंगजी रोड हा कोल्हापूरच्या मध्यवस्तीतला रहदारीचा रस्ता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हॉटेल दिसणार आणि आत कोण बसले आहे तेही दिसणार.

१०/२१
हॉटेलला नाव दिले ‘सत्यसुधारक’. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे काम १९११ पासून कोल्हापुरात जोमाने सुरू झाले होते. या नावात त्याच चळवळीचा प्रतिध्वनी ऐकू येतो. आजच्या व्यावसायिक भाषेत याला ‘ब्रँडिंग’ म्हटले जाईल. फरक असा की आजची नावे गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी निवडली जातात, तर हे नाव गिऱ्हाइकाकडे काही मागत होते. पाटी वाचून आत शिरणारा माणूस फक्त चहाचे पैसे मोजत नव्हता. तो जाहीरपणे एक बाजू घेत होता.

११/२१
म्हणूनच सवर्ण गिऱ्हाइके आत शिरेनात. महाराने केलेला चहा प्यायचा कसा, हा प्रश्न आडून नव्हे, उघड विचारला जाऊ लागला. बहिष्काराला चहाची चव कारण नव्हती, तो करणाऱ्याची जात कारण होती. रोख पैसा आला की जात विरघळेल, बाजार सर्वांना समान करील, असे एक आशावादी गृहीतक अर्थव्यवहाराच्या चर्चेत नेहमी असते. भाऊसिंगजी रोडवरील या हॉटेलने ते खोटे ठरवले. विकणारा तयार होता, माल तयार होता, रस्त्यावर गिऱ्हाईकही होते. तरी व्यवहार होत नव्हता.

१२/२१
हे कानावर गेल्यावर शाहू महाराजांनी जे केले, ते कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. फेरफटक्याला निघालेली त्यांची गाडी गंगारामांच्या हॉटेलापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. त्या मंडळींत उच्चवर्णीय सरदार व अधिकारी असत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कोण? आणि दिवसाढवळ्या, भररस्त्यात एकदा तो ओठाला लावल्यावर ‘आमच्यात चालत नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? पुढे महाराजांनी सोडावॉटरचे यंत्र घेण्यासाठीही गंगारामांना साहाय्य केले.

१३/२१
याच काळातील हुकूम पाहिले तर हा प्रसंग एका राजाची लहर नव्हता, हे स्पष्ट होते. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. १९१८ मध्ये महार वतन खालसा करून जमिनी रयतावा करण्याचा हुकूम निघाला. १९१९ मध्ये सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, दवाखाने अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली. हुकूम आणि चहा ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. हुकमाने दार उघडते. उंबरठा ओलांडण्याची सवय कोणीतरी आधी ओलांडून दाखवावी लागते.

१४/२१
तरीही ही कथा सांगताना एक चूक वारंवार होते. ती ‘महाराजांच्या मोठेपणाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते आणि गंगाराम तिच्यात हात जोडून उभे असलेले पात्र उरतात. नीट पाहिले तर पहिली हालचाल त्यांचीच आहे. मार खाऊन गप्प न बसता दाद मागणारे ते. पुन्हा अपमान होईल हे ठाऊक असूनही दुकान मांडणारे ते. महाराजांची गाडी काही दिवस थांबली असेल. चूल मात्र रोज पेटवावी लागत होती, आणि ज्या दिवशी गाडी आली नाही त्या दिवशीही हॉटेल उघडेच होते. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला, तोही गंगारामांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

१५/२१
भाऊसिंगजी रोडवर उभा राहिलेला प्रश्न नंतर महाराष्ट्रभर निरनिराळ्या रूपांत विचारला गेला. मार्च १९२० मध्ये करवीर संस्थानातील माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि शाहू महाराज उपस्थित होते. १९३३ मध्ये रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घालून सहभोजने घडवली. या सर्वांची राजकीय मते परस्परांपासून फार दूर होती, काहींची तर थेट विरोधी. पण पान आणि कप कोणापुढे ठेवायचा, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, हे प्रत्येकाला उमगले होते.

१६/२१
१९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे नमूद आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्याने मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलचा नावानिशी उल्लेख करावा, हे विलक्षण आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आणखी एक पाऊल पुढे गेला: हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणेही गुन्हा ठरले. आत येऊ देऊन कप वेगळा ठेवण्याची पळवाट कायदा करणाऱ्यांना चांगलीच ठाऊक होती.

१७/२१
कायदा झाला म्हणून कप लगेच एक झाला नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात गावच्या चहाच्या दुकानातील वेगळ्या कपबशीचा आणि त्याविरुद्ध केलेल्या तक्रारीचा प्रसंग येतो. इतर देशांतही हेच दिसते. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील केवळ गोऱ्यांसाठीच्या उपाहारमंचावर जाऊन बसले. त्याच दुकानात इतर माल घेताना त्यांचे पैसे चालले होते. कॉफी मागितल्यावर मात्र नकार मिळाला. त्या बसण्यातून उभे राहिलेले आंदोलन जगभर शिकवले जाते. त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी कोल्हापुरात घडलेली गोष्ट मात्र कोल्हापूरच्याच हॉटेलांच्या भिंतींवर नाही.

१८/२१
यावर आक्षेप येईल की लोक जेवायला येतात, इतिहासाचा तास ऐकायला नव्हे. आक्षेप रास्त वाटतो, पण तो थीमच्या मालकाला शोभत नाही. इतिहास त्यानेच दारात उभा केला आहे. आता वाद फक्त कोणता इतिहास, एवढाच आहे. दुसरा आक्षेप असा की राजेशाही सजावट हाही शाहू महाराजांच्या नगरीचाच सन्मान आहे. मग त्या राजाची ओळख तपासावी लागते. शिक्षणासाठी वसतिगृहे, कुस्तीसाठी खासबाग, शेतीसाठी राधानगरीचे धरण अशी ज्याची कामे, त्याला केवळ तलवारीत बसवणे हा सन्मान नव्हे, संक्षेप आहे. आणि तो सोयीचा संक्षेप आहे.

१९/२१
याहून खोल विसंगती वेगळीच आहे. ‘दरबार’ थीमचे हॉटेल गिऱ्हाइकाला काय विकते? घटकाभर राजा झाल्याची भावना. फेटेवाला सेवक मुजरा करतो, पाहुणा सिंहासनावर बसतो, आणि वरचा-खालचा हा क्रम मौजेचा भाग होतो. ‘सत्यसुधारक’मध्ये याच्या उलट घडत होते. तेथे खराखुरा राजा साधे गिऱ्हाईक म्हणून येत होता, आणि ज्याला हौदाजवळ फिरकू दिले नव्हते तो माणूस मालक म्हणून त्याला चहा देत होता. एका जागी सामान्य माणूस राजेपणाचे नाटक करतो. दुसऱ्या जागी राजाने राजेपण क्षणभर बाजूला ठेवले. कोल्हापूरची खरी थीम कोणती, हे ठरवायला एवढी तुलना पुरेशी व्हावी.

२०/२१
करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फार खर्चही नाही. भाऊसिंगजी रोडवर या हॉटेलाची आठवण सांगणारा ठळक फलक असावा. शहराच्या वारसा फेऱ्यांत अंबाबाई मंदिर, भवानी मंडप आणि नवा राजवाडा यांच्यासोबत हा थांबा असावा. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना आदरातिथ्याच्या इतिहासात गंगाराम कांबळे भेटावेत. खाद्यसूचीचाही विचार व्हावा: शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने दलित स्वयंपाकघरातील पदार्थांची नोंद मराठीत करून ठेवली आहे. ‘अस्सल गावरान’ म्हणवणाऱ्या किती ताटांत त्या स्वयंपाकघरांना जागा मिळते? फलक लावणे सोपे. हा प्रश्न स्वतःच्या भटारखान्याला विचारणे अवघड. पण खरे नावीन्य तेथेच आहे.

२१/२१
ढाल-तलवारी काढून टाकाव्यात असा आग्रह नाही. त्यांच्या शेजारी एक कपबशीही असावी, एवढेच म्हणणे आहे. आदरातिथ्याचा इतिहास हा पदार्थांचा असतो तितकाच दाराचाही असतो: ते कोणासाठी उघडे होते, आत कोण वाढत होते, आणि बाहेर कोणाला थांबवले होते. कोल्हापूरच्या तिखटाची कीर्ती देशभर आहे, आणि ती योग्यच आहे. पण या शहराने एकेकाळी आपल्या चहाने जे करून दाखवले ते त्याहून दुर्मीळ होते. तो चहा गंगाराम कांबळे यांनी केला होता, आणि तो सर्वांसाठी होता.